आधी हजेरी, मग फाइल

४ फेब्रुवारी

वहिनीसाहेब,

‘साहेब’ लावलंय यावरूनच ओळख, मी चिडलेली आहे. फोन करणार होते, पण फोनवर मला आधी रडू येतं आणि मग दादा मध्ये पडून दोघींनाही ‘पाणी प्या’ म्हणतो. शिवाय मला हे लेखी हवंय, म्हणून ईमेल.

सोमवारी काय झालं ते सांगते. आमच्याकडे एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची गाठ तपासायला आली होती. रिपोर्ट वाईट निघाला. असा रिपोर्ट आम्ही थेट पेशंटच्या फोनवर पाठवत नाही, हे तुला माहीत आहे, कारण ती सोय तूच करून दिलीस. आधी डॉक्टर पेशंटला समोर बसवून सांगणार, मग पाठवायचं बटण दाबणार, तोवर रिपोर्ट प्रोग्राममध्ये रोखून धरलेला. सोमवारी तो रोखला गेलाच नाही. बाई गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होत्या तेव्हा फोन वाजला. अर्ध्या तासात त्या लॅबच्या खिडकीशी उभ्या, गळ्यात टेप तशीच, आणि मला विचारतात, “मॅलिग्नंट म्हणजे बरं की वाईट?” चौदा वर्षं या खिडकीत बसतेय; त्या दिवशी खिडकी सोडून उठले आणि त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं.

आज मला नोटीस मिळाली. लॅबची प्रमुख म्हणून आमच्या रुग्णालयाची सेटिंगची फाइल मी भरते, तेव्हा रोखण्याचं सेटिंग मीच घातलं नाही, असा आरोप. शेवटी ते नेहमीचं वाक्य: ‘दहा दिवसांत खुलासा न आल्यास आपणांस काही म्हणावयाचे नाही असे समजण्यात येईल.’ म्हणजे १४ तारखेपर्यंत. नाहीतर प्रमुखपद गेलं.

मी ती ओळ लिहिली होती गं. रिपोर्ट डॉट होल्ड, बरोबरचं चिन्ह, ट्रू. दोन वर्षांपूर्वी लिहिली, तेव्हापासून हात लावलेला नाही. हा प्रोग्राम घ्या म्हणून रुग्णालयाच्या मोठ्या बाईंच्या मागे मीच लागले होते, ‘माझ्या वहिनीने लिहिलाय’ असं मिरवलंही होतं. आता तूच बघ आणि चूक कुठे आहे ते मला लिहून दे.

वन्सं

५ फेब्रुवारी

वन्सं,

आधी शांत हो. त्या बाईंचं वाचून मलाही कसंतरी झालं. पण प्रोग्राम दोन वर्षं पाच रुग्णालयांत चालतोय आणि तक्रार फक्त तुमची आहे, तेव्हा आधी तुमच्याच घरात बघू या.

‘मी काहीच केलं नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. मग निघतं काय? कुणीतरी ट्रूच्या पुढे चुकून जागा सोडलेली असते. कुणी होल्डमधला एल खाल्लेला असतो. कुणी फाइल वर्डमध्ये उघडून ‘जरा सुंदर’ केलेली असते. एका महाशयांनी तर फाइलची कॉपी करून कॉपीत बदल केला आणि मूळ फाइल तशीच ठेवली, वर माझ्यावरच डाफरले. तेव्हा रागावू नकोस, पण स्पेलिंग बघ, फाइल योग्य फोल्डरमध्ये आहे ना ते बघ, आणि सेव्ह केलीस का ते आठव.

मी माझ्या मशीनवर आत्ताच चालवून पाहिलं. होल्ड ट्रू लिहिलं की रोखतो, काढलं की सोडतो. अगदी हवं तसं.

इकडे माझाही जीव टांगणीला आहे. गुरुवारी, १२ तारखेला, गटप्रमुखपदाची मुलाखत. आमचे साहेब घेणार, तेच ते थांबूया. (खरं नाव आता कुणाच्याच लक्षात नाही. पंखा बंद पडला तरी ते ‘थांबूया जरा’ म्हणतात.) त्यामुळे हे लवकर निपटू या.

वहिनी

६ फेब्रुवारी

वहिनी,

ट्रूचं स्पेलिंग मला येतं. हॉस्टेलात तुझे इंग्रजीचे अर्ज कोण लिहून द्यायचं ते विसरलीस वाटतं. माझ्या खोलीत राहून माझ्याच भावाला पटवलंस तेव्हा बरी मी हुशार होते!

तरी तू सांगितलंस ते सगळं केलं. भांडारातल्या काकांना शेजारी बसवून फाइल अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायला लावली. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. जागा सुटलेली नाही, एल जागेवर आहे, फोल्डर तेच. फाइल सोबत जोडली आहे, डोळे भरून बघ.

आता ऐक. तुमच्या प्रोग्रामचं ते माहितीचं पान आहे ना, जिथे चालू सेटिंगं दिसतात, तिथे होल्डपुढे स्वच्छ ‘ट्रू’ लिहिलंय. म्हणजे प्रोग्रामने माझी फाइल वाचली आहे. वाचली आहे आणि तरी ऐकत नाही. खात्री करायला मी माझ्याच नावाने एक खोटा नमुना घातला आणि त्यावर वाईट रिपोर्ट लिहिला. चहाचा कप उचलेपर्यंत तो माझ्या फोनवर. स्वतःच्या नावापुढे तसलं वाचताना, खोटं आहे हे माहीत असूनही, मी ते तीनदा वाचलं.

आणि हे १ तारखेच्या रविवारपासून होतंय, तुम्ही नवी आवृत्ती चढवलीत तेव्हापासून. त्याआधीचे सगळे रिपोर्ट नीट रोखलेले आहेत, मी तारखा लावून पाहिल्या. लॅबमध्ये एखादा आकडा विचित्र आला की आम्ही आधी पेशंटला बोल लावत नाही, काल काय बदललं ते बघतो.

पाठवायच्या कॉम्प्युटरची वायर मी कुणाला न विचारता काढून ठेवली आहे. वाईट रिपोर्ट छापून स्वतः डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन देतेय. आज त्यावरूनही बोलणी खाल्ली, आणि लॅबच्या किल्ल्या माझ्या जागी आणलेल्या नव्या बाईंकडे द्यायला लावल्या. नव्या बाई भल्या आहेत. वायर जोडणार नाही म्हणाल्या.

वन्सं

७ फेब्रुवारी

वन्सं,

फाइल पाहिली. फाइल बरोबर आहे, मानलं.

पण मग हे कसं होतंय ते मलाही कळत नाहीये आणि माझं डोकं उठलंय. तुझीच फाइल माझ्या मशीनवर घातली, तरी रोखतोय. माहितीचं पान ट्रू म्हणतं आणि वागणं फॉल्सचं, हे शक्यच नाही. सकाळपासून एकच प्रोग्राम पंचवीसदा बंद-चालू केलाय. तुझ्या दादाने विचारलं, “जेवायचं का?” त्याच्यावर उगाच खेकसले.

दोन दिवस दे. सापडलं की लगेच लिहिते.

वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

दोन दिवसांचे चार झाले. काही कळलं का?

दादाला फोन केला होता. म्हणाला तू मुलाखतीच्या तयारीत आहेस, त्रास देऊ नको. त्रास देत नाही. एका ओळीचं उत्तर दे. ‘अजून शोधतेय’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

मला भांडारात बसवलंय, काकांच्या समोर. दिवसभर हातमोज्यांचे खोके मोजते. काका सारखे म्हणतात, “वहिनी इंजिनिअर आहे ना? मग कशाला घाबरता?” त्यांना काय सांगू?

वन्सं

१३ फेब्रुवारी

वहिनी,

उद्या शेवटचा दिवस.

मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. म्हणाल्या, चूक मान्य असल्याचं लिहून दिलंस तर सहायक म्हणून लॅबमध्येच ठेवते. भांडत बसलीस तर चौकशी लागेल, आणि तिचा निकाल लागेपर्यंत भांडार.

मी रात्रंदिवस विचार केला. तुला काही सापडलं असतं तर तू कळवलं असतंस. एवढं मी तुला ओळखते. तू कळवलं नाहीस, म्हणजे प्रोग्राममध्ये काही नाही. म्हणजे मीच कुठेतरी काहीतरी केलं असणार, कधीतरी हात लागला असेल, मला आठवत नसेल. चौदा वर्षांत पहिल्यांदाच माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही.

उद्या सकाळी लिहून देते. खोके मोजण्यापेक्षा लॅब बरी.

मुलाखत कशी झाली?

वन्सं

१५ फेब्रुवारी

वन्सं,

तुझी दोन्ही पत्रं मी आली त्या दिवशीच वाचली होती. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला मला शिव्या घालायला सोपं जाईल.

चूक मला सापडली होती. रविवारी, ८ तारखेला, सकाळी साडेदहाला. चूक माझी आहे. तुझी नाही, कणभरही नाही.

सांगते कशी. आमचा प्रोग्राम जावा या संगणकी भाषेत आहे. सुरू होताना तो आधी एक हजेरी घेतो. एकेका तुकड्याला पुकारतो आणि बघतो, याला उभं करायचं की नाही. रिपोर्ट रोखणारा भाग हा असाच एक तुकडा. त्याच्या डोक्यावर मी अट लिहून ठेवली आहे: सेटिंगमध्ये होल्ड ट्रू सापडलं तरच याला उभं कर. सापडलं नाही तर नको. आता, तुझी फाइल ही प्रोग्रामची मुख्य फाइल नव्हे. प्रत्येक रुग्णालयाची वेगळी, आम्ही वरून जोडलेली. मुख्य फाइल हजेरीच्या आधी वाचून होते. तुझी फाइल मात्र हजेरी चालू असतानाच उघडली जाते, ती उघडणाऱ्या तुकड्याचा नंबर लागला की. दोन वर्षं त्याचा नंबर रोखणाऱ्याच्या आधी लागत होता, म्हणून सगळं सुरळीत. तो क्रम मी ठरवलेला नव्हता, नावांच्या अक्षरांवरून आपोआप पडला होता. जानेवारीत मी बसून सगळ्या तुकड्यांची नावं नीटनेटकी केली. कुणी सांगितलं नव्हतं, मला हौस. नव्या नावामुळे फाइल उघडणारा मागे गेला. मग रोखणाऱ्याचा नंबर आला, प्रोग्रामने विचारलं, ‘होल्डबद्दल काही म्हटलंय का?’ फाइल तेव्हा मिटलेली. काही म्हटलेलं नाही, म्हणजे नको. त्याला उभंच केलं नाही. पुढच्या क्षणी तुझी फाइल उघडली, त्यात ट्रू होतं, ते माहितीच्या पानावर छान दिसायला लागलं. पण हजेरी होऊन गेली होती. पुन्हा कुणी विचारत नाही.

माझ्या मशीनवर सगळं चालायचं, कारण चाचणीसाठी मी तीच ओळ मुख्य फाइलमध्येही टाकून ठेवली होती. म्हणजे मी तुझी फाइल तपासत होते आणि प्रोग्राम माझी वाचत होता. तुला जी स्पेलिंगं बघायला लावली ना, ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता ज्याला स्पष्टीकरण नाही ते. सोमवारी थांबूयांना सांगितलं. ते म्हणाले, “थांबूया. महिनाअखेरच्या आवृत्तीत गुपचूप घालू. आत्ता बोललो तर पाचही रुग्णालयं अंगावर येतील.” मी म्हटलं, माझ्या नणंदेची नोकरी आहे. ते म्हणाले, “आणि तुमची मुलाखत आहे.” एवढंच बोलले. मी गप्प बसले. रोज तुला लिहायला बसायचे, ‘वन्सं’ लिहायचे आणि पुसायचे. मनाला सांगत होते, गुरुवारी मुलाखत झाली की लगेच लिहीन, १४ला अजून दोन दिवस आहेत. गुरुवारी मुलाखत झाली. शुक्रवारी तुझं पत्र आलं, ‘तुला काही सापडलं असतं तर तू कळवलं असतंस.’ ते वाचून तर तोंड दाखवायचीच हिंमत होईना, आणि त्यात शनिवारही घालवला.

तुझ्या मोठ्या बाईंच्या नावे सविस्तर पत्र जोडलंय, माझ्या सहीचं. तूच नेऊन दे. काल लिहून दिलं असशील तर ते परत घे. माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही, म्हणून म्हणत नाही.

वहिनी

१७ फेब्रुवारी

तुला ‘वहिनी’ लिहायला आज हात धजत नाही.

तुझं पत्र घेऊन सोमवारी सकाळी मोठ्या बाईंच्या दारात उभी राहिले. बाहेरच्या कारकुनाने ते वाचलंही नाही. म्हणाला, “शनिवारी तुमचं लेखी आलं, फाइल बंद झाली. बंद फाइलला कागद लागत नाही.” मी म्हटलं, अहो, आत वाचा तरी. म्हणाला, “ताई, तुम्हीच सही केलीत ना? कुणी हात धरला होता का?” तिथे मला तुझं ते हजेरीचं लगेच समजलं, इंजिनिअर नसूनही.

तुझी हिंमत झाली नाही, बरं. माझी झाली असती का, कुणास ठाऊक. मुलाखत मलाही कळते, मीही कधीतरी प्रमुख व्हायला धडपडलेच होते. पण तू मला माझ्यावरच संशय घ्यायला लावलास. सहा दिवस मी रात्री उठून बोटांकडे बघत होते, की यांनी नेमकं काय केलं. ते कोण भरून देणार आहे? थांबूया?

दादाला सांगितलंस का? नसशील. मी सांगणार नाही. ते काम तुझं.

आणि हे सगळं राहू दे. तुझं पत्र मी चारदा वाचलं, आणि चौथ्यांदा वाचताना कळलं की आपण दोघी माझ्या खुर्चीबद्दलच बोलतोय. माझ्या लॅबमध्ये मी वायर काढली होती. बाकीच्या चार ठिकाणी कुणी काढली होती? तुला ८ तारखेला कळलं. त्यानंतर तिथून किती जणांना फोनवर कळलं, मोजलंस का? मोज. आणि मला आकडा सांग.

१९ फेब्रुवारी

वन्सं,

अकरा.

तुझं पत्र मंगळवारी दुपारी वाचलं आणि त्याच तासाला चारही लॅबना स्वतः फोन करून पाठवणं बंद करायला लावलं. थांबूयांना विचारलं नाही. मग मोजायला बसले. नावं आणि रिपोर्ट मला दिसत नाहीत, फक्त वेळा दिसतात, रिपोर्ट कधी गेला आणि माणसाने तो कधी उघडला. ९ तारखेपासून अकरा गेले, जे डॉक्टरांसाठी रोखायला हवे होते. नऊ जणांनी पाच मिनिटांच्या आत उघडलेत. एकाने तर दहा मिनिटांत सहा वेळा उघडलाय. त्या सहा वेळांकडे बघून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. दहावा दुसऱ्या दिवशी उघडला गेला.

अकरावा उघडलेलाच नव्हता. शुक्रवारी गेलेला, मंगळवारपर्यंत तसाच. त्या लॅबला मी पुन्हा फोन लावला. तिथल्या माणसाने वैतागून विचारलं, “मॅडम, आत्ताच तर बंद केलं, आता काय?” मी म्हटलं, तो रिपोर्ट ताबडतोब परत खेचा, आणि त्या पेशंटच्या डॉक्टरांना माझ्यासमोर, लाइनवर सांगा. काल संध्याकाळी त्यांचा निरोप आला. एक म्हाताऱ्या बाई आहेत, फोन दुरुस्तीला टाकलेला. डॉक्टरांनी बोलावून घेऊन स्वतः सांगितलं.

दुरुस्ती काल पाचही ठिकाणी चढवली. आता रुग्णालयाची फाइल सगळ्यात पहिल्यांदा वाचली जाते, एकाही तुकड्याची हजेरी सुरू होण्याआधी. आणि होल्डची ओळ सापडलीच नाही तर प्रोग्राम स्वतःच्या मनाने काही ठरवत नाही. सुरूच होत नाही. थांबूया म्हणाले, याने रुग्णालयं ओरडतील. ओरडू देत.

पाचही रुग्णालयांना काय चुकलं ते माझ्या नावाने लिहिलं. तुमच्या मोठ्या बाईंना फोनही केला. त्या म्हणाल्या, पत्र फाइलला जोडून घेईन, पण सही मागे घेता येत नाही. मी खूप भांडले. उपयोग झाला नाही. गटप्रमुखपद दुसऱ्याला मिळालं, आणि या आवृत्तीचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

दादाला सांगितलं. तो पाणी प्या असंसुद्धा म्हणाला नाही.

वहिनी

२६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र फाइलला लागलं, मी स्वतः पाहिलं. खुर्ची मात्र गेली ती गेलीच. परवापासून लॅबमध्ये सहायक म्हणून बसते, खिडकीच्या डाव्या बाजूला. नव्या बाई दर पाच मिनिटांनी मला विचारतात आणि मग अवघडून खुर्ची पुढे करतात. मी म्हटलं, बसा हो, तुमचीच आहे.

तुझ्याशी मी पूर्वीसारखं कधी बोलेन, सांगता येत नाही. आत्ता राग आहे. तो खोटा नाही, आणि लवकर जाईल असंही वाटत नाही. दादा मध्यस्थी करायला बघेल, त्याला करू देऊ नकोस.

पण एक गोष्ट आठ दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. त्या म्हाताऱ्या बाई. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं म्हणतेस, पण कसं? काही डॉक्टर दारातच उभ्या उभ्या सांगतात, एक डोळा घड्याळावर. त्यांना बसवलं होतं का? सोबत कुणी होतं का? त्यांनी काही विचारलं तर नीट उत्तर मिळालं का?

एवढं त्या लॅबला फोन करून विचार, आणि मला कळव.

वन्सं